कापसातला तंबू

८ डिसेंबर १९५७, रविवार. सेलू

सकाळपासून अंगणात बांबू, सुतळी, ताडपत्री. ह्यांनी गाडीवाल्याकडून दोन जुन्या ताडपत्र्या आणल्यात. कापसाच्या गाड्यांवर घालून घालून विरलेल्या, सरकीचा वास अजून गेलेला नाही. त्यांतून तंबू करायचाय. तोही बर्फातला. आमच्या सेलूत.

फेब्रुवारीत कामठीला ह्यांचं फौजेचं बोर्ड. डॉक्टर हात बघणार, मग साहेबांसमोर जाड हातमोजे घालून एकट्यानं तंबू उभा करून दाखवायचा, ठरलेल्या वेळात. जमलं तर पुन्हा वर, पहाडात. नाही जमलं तर वर्दी उतरवून घरी. उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेलीत, तिसरं अर्धं. फौजेच्या दवाखान्यातून घरी येऊन महिना झाला. हाताचं विचारलं की "थंडीनं गेले" एवढंच. पुढे कुलूप.

शेजारची वच्छला कुंपणावरून, "काय वं मास्तरीन, मांडव टाकून राह्यले? कोनाचं लगन हाय?"

म्हटलं, "माह्यं. पुन्हा एकदा, त्याच नवऱ्यासंगं."

हे हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदा, म्हणून लिहून ठेवते.

११ डिसेंबर, बुधवार

शाळेतून आल्यावर रोज शिवण. दाभण मी चालवते, ताडपत्री ते धरतात. पूर्वी स्वतःच्या सदऱ्याचं बटण माझ्यापेक्षा चांगलं लावायचे. आता सुईकडे बघतसुद्धा नाहीत.

तंबू दुहेरी. आत एक, बाहेर एक, मध्ये वीतभर मोकळी जागा. "ते मंधातली हवा हेच पांघरून," म्हणतात. तळही भिंतींना शिवून टाकायचा. खाली चहूबाजूंनी हातभर झालर, तिच्यावर बर्फ लोटून दाबायचा. दार म्हणजे पोत्याचं तोंड. आत जायचं ते रांगत, गेल्यावर तोंड आवळून घ्यायचं.

आणि वर माथ्यापाशी एक बाही. लहान मुलाच्या झबल्याची असावी एवढी. "ही कशाले?" तर म्हणे, "वाऱ्याले." थंडीच्या तंबूत वाऱ्याला मुद्दाम वाट? विचारणार होते, तेवढ्यात भाकर करपली.

१५ डिसेंबर, रविवार

आज पहिल्यांदा उभा केला. अंगणातच, उजाडता उजाडता. गारठा चांगलाच. मामीनं (माझ्या सासूबाई, ह्यांची आई) जुन्या घोंगडीचे हातमोजे शिवून दिलेत. चार बोटांना मिळून एकच घर, अंगठा वेगळा.

मामीचं म्हणणं, दार उगवतीला पाहिजे. हे म्हणाले, दार वाऱ्याकडं पाठ करून. त्यावर मायलेकांची चांगली जुंपली. "मांडवाचं तोंड कधी दक्षिणेले असते का, नामा?" "मांडव नाई हाय ते, आई."

नंतर पाहते तर पुढच्या बांबूला हळदीची बोटं उमटलेली. मांडवाच्या मेढीला लावतात तशी. धम्माची दीक्षा घेऊन वर्ष झालं, देव्हारा मामीनं स्वतःच्या हातानं उचलला होता. माझ्याकडे चोरटं बघून म्हणाली, "सवय हाय वं हाताची." ह्यांनी पाहिलं आणि, "आई, बोर्डाच्या साहेबाले हळद चालन का?"

तंबू राहिला उभा. पण हे नाखूश. काळी माती खुंटी अशी धरते की उपटायला दोघं लागतात. "बर्फात असं नाई. बर्फात खुटी म्हंजे दह्यात काडी. इथं शिकून काही फायदा नाई."

आणि दोरीची गाठ. मोजा घालून बसतच नाही. तीनदा सुटली. मी हात पुढे केला तर, "हात नको लावू." आवाज चढवून नाही. त्यानंच जास्त लागलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

शाळेच्या वाटेवर जीन, कापसातून सरकी काढायचा कारखाना. कापसाच्या गाड्यांची रांग, आवारात ढीग. आज उन्हात तो पांढरा डोंगर बघत उभीच राहिले. पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत जाईल. खुंटी धरणार नाही.

घरी येऊन सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. मग म्हणाले, "मास्तरीन झाली तरी डोकं हाय तुले."

२२ डिसेंबर, रविवार

जिनाचा जमादार भला माणूस. आवाराच्या मागे पावसात भिजलेल्या, डागी कापसाचा ढीग आहे, तो दिला. अटी: विडी नाही, काडी नाही, लोखंडाचा खिळा तर नाहीच. एक खिळा यंत्रात गेला तर ठिणगी, आणि मग जीन राहणार नाही. आमच्या खुंट्या बाभळीच्या, त्या त्यानं एकेक हातात घेऊन पाहिल्या.

दह्यात काडी, खरंच. खुंटी ठोकायची सोय नाही, नुसती बुडते. तेव्हा हे खरे रंगात आले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, मोळ्या बांधून आणायला लावल्या. प्रत्येक मोळीच्या पोटाला दोरी, मोळी आडवी पुरायची, वरून कापूस लोटून पायानं दाबायचा. ओढलं की जास्त रुतते. तिथं हेच करतात म्हणे, लाकडं किंवा बर्फानं भरलेली पोती पुरून.

कापूस वेचून साफ करणाऱ्या बाया काम सोडून बघत होत्या. एक म्हणाली, "मास्तरीनबाई, घर बांधून राह्यले का? सामान कवा आनता?" दुसरी म्हणाली, "फौजी, आत गादीची गरज नाई, खाली कापूसच कापूस." हे लाजले. फौजेतला माणूस बायांच्या चेष्टेनं लाजतो हे मला आवडतं.

पण गाठ. मोळ्या पुरल्या, झालर दाबली, बांबू ताठ, आणि शेवटी दोऱ्या बांधताना तेच. घोंगडीच्या मोज्यात उरलेली बोटं नुसती फिरत होती.

घरी मामीनं तिळाचं तेल कोमट करून हात चोळला. थंडीत त्या उरलेल्या खुंटांना कळा येतात. सांगत नाहीत, पण ओठ दाबतात.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुटी. वेळ कशी मोजायची हा प्रश्न होता. ह्यांचं घड्याळ वर पहाडात फुटलं, घरात दुसरं नाही. मी म्हटलं, मी आहे ना. रोज वर्गात पाढे म्हणून घेते, माझी चाल ठरलेली.

जिनाच्या भिंतीवर घड्याळ आहे, पण ढिगापासून काटे दिसत नाहीत. त्याच्याशी माझी चाल ताडून पाहिली. साहेब देतात तेवढ्या वेळात मी दोन ते तीस, मग अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी. सवायकी संपली की वेळ संपली. दिडकी लागली की हरलो.

तेव्हा हे कापसात गुडघाभर, आणि मी बाजूला पोत्यावर बसून, बे एके बे. बाया हसून हसून बेजार. जमादार म्हणाला, "बाई, माह्या पोराले बी बसवा इथं."

आज दिडकी लागली तेव्हा चार दोऱ्या बाकी. हे म्हणाले, "उद्या."

२ जानेवारी १९५८, गुरुवार

थंडी वाढली. पहाटे तोंडातून वाफ. मामी म्हणते इतकी थंडी यंदाच. दरवर्षी म्हणते.

रोज उजाडताना जीन, मग आंघोळ, मग शाळा. वर्गात हाताला कापूस चिकटलेला असतो, पोरं आपसात बोलतात. आता दिडकी लागते तेव्हा दोनच दोऱ्या बाकी असतात. गाठ बसते, पण सैल. वारा आला तर उघडेल. तरी चेहऱ्यावर थोडं तेज आलंय. रात्री झोपेत दचकून उठणं मात्र कमी नाही.

६ जानेवारी, सोमवार

काल लिहवलं नाही.

काल हे हात दाखवायला वर्ध्याच्या दवाखान्यात गेले होते. घरी मामी, मी आणि तंबू. ती माथ्यावरची बाही माझ्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपत होती. एवढं दुहेरी शिवायचं, तळ शिवायचा, झालर लावायची, आणि वर मुद्दाम भोक ठेवायचं. आमच्याकडे गारठा पडला की खिडकीच्या फटीसुद्धा चिंध्यांनी बुजवतात. मामी म्हणाली, "शिवून टाक वं. त्याच्या ध्यानातून राह्यलं असन." बाहीत मूठभर कापूस कोंबला आणि गोधडीच्या बारीक टाक्यांनी तोंड बंद केलं. छान शिवलं. दोघीही खूश.

संध्याकाळी आले तर मी कौतुकानं दाखवलं. ह्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं. मग चाकू घेतला आणि डाव्या हातानं एकेक टाका कापायला बसले. मला वाटलं रागावले.

कापता कापता बोलले. माझ्याकडे न बघता.

"शिवराम होता माह्यासंगं. साताऱ्याकडचा. आन् एक नवा पोट्टा. लई वारा होता. त्याहीनं आतून बाहीचं तोंड बांधून घेतलं, गरम वाटावं म्हनून, आन् स्टो पेटवला चहाले. मी बाहेर, तंबूवरचा बर्फ काढून राह्यलो होतो. हाका मारल्या, कोनी बोलेना. दाराची गाठ थिजून दगड झालती. मोज्यानं सुटेना. मोजे काढले."

मामी चुलीपाशी होती, तिनंही फुंकणं थांबवलं.

"धूर दिसत नाई, वास येत नाई. नुसती झोप येते मानसाले. गाठ सुटली शेवटी. पोट्टा वाचला. शिवराम नाई."

मग बाहीतला कापूस काढून माझ्या हातात दिला. मी तो धरून बसले. मायेनं कोंबला होता मी. त्या दोघांनीही काही वाईट म्हणून बांधलं नसेल.

हे झोपेत ज्याला हाका मारतात तो शिवराम.

८ जानेवारी, बुधवार

ह्यांनी सांगितल्यापासून घर हलकं झालंय. ते तरी. मामी आज त्यांना म्हणाली, "त्या शिवरामाची माय हाय का?" हाय म्हणाले.

मी मात्र हलकी नाही. आतापर्यंत पहाड म्हणजे दूरची थंड जागा होती. आता तिथं एक तंबू आहे आणि त्यात कोणी बोलत नाही. मला हे घरी पाहिजेत. साफ लिहिते. अडीच बोटं गेली, पुरे झालं. घरी राहतील, जमादार जिनात पहारेकरी ठेवतो म्हणाला आहे, माझा पगार आहे. काय कमी पडणार?

हे त्यांना म्हणायचं धाडस नाही. म्हणजे अजून झालेलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज एक गोष्ट केली. ठरवून नव्हे, पण झाली.

ह्यांचा हात आज चांगला चालला होता. मोळ्या पटापट पुरल्या, झालर दाबली. मी सत्तावीस संपवला तेव्हा दोऱ्यांना लागलेसुद्धा. अठ्ठावीस म्हटला. मग तीस. एकोणतीस गाळला. पावकीपासून पुढचं धावत म्हटलं. दिडकी लागली तेव्हा त्यांच्या हातात शेवटची दोरी होती, फक्त एकच. ते मान खाली घालून कापसात बसले.

मला आनंद झाला. अगदी पोटातून झाला. आणि त्याच्या मागोमाग मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवायला बसल्यावर, भाकर मोडत, "आज एकोनतीस कुठं गेला?"

मी म्हटलं, "गेला तं गेला. तुमी नका जाऊ."

मामी उठून बाहेर गेली, बकरीला पाणी ठेवायला. पाणी आधीच ठेवलेलं होतं.

१३ जानेवारी, सोमवार

काल पुढे काय बोललो ते लिहिते, नाहीतर मी माझ्या सोयीनं विसरेन.

मी बरंच बोलले. पहारेकरी, पगार, मामीचं वय. शेवटी असंही बोलले, की शिवरामाच्या आईला विचारा. हे ऐकत होते. भांडले असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "दरसाली नवे पोट्टे येतात तिथं. आपल्यासारखे, उन्हातले. कोनी इकडचा, कोनी मद्रासकडचा. थंडी लागली का पहिले काय करन? भोक बुजवन. किती बी सांगा, बुजवतेच. कोनीतरी तिथं पाह्यजे, जो रोज पाहीन का बाही उघडी हाय."

"तुमीच काऊन?"

"मले मालूम हाय म्हनून."

वर्गात साठ पोरांना शिकवते मी. आणि बाही बुजवली होती ती मीच, गोधडीच्या टाक्यांनी.

तरी मला हे घरीच पाहिजेत. दोन्ही खरं आहे. कसं, ते माहीत नाही.

२० जानेवारी, सोमवार

आठवडाभर सरळ पाढे. एकोणतीससकट. वेळ संपली की जमादार घड्याळाखाली उभा राहून हात वर करतो, म्हणजे माझ्यावर विश्वास राहिला नाही असं नव्हे, हे म्हणतात, "तुह्यासाठीच." म्हणजे मला ओझं नको.

एक दोरी रोज राहते. कधी दोन. गाठीपलीकडे गाडी जात नाही.

वच्छलानं तिळगूळ आणून दिला होता, तो मुंग्यांनी खाल्ला.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडा. हेडमास्तरांनी ह्यांना बोलावलं, फौजी माणसाच्या हातून व्हावा म्हणून. वर्दी घालून आले. पोरं रांगेत टकमक. माझ्या वर्गातल्या पोरी माझ्याकडे बघून हसत होत्या, मीही जरा मान ताठ केली होती.

झेंड्याची दोरी कोणी बांधली होती कोण जाणे, ओढली तर गाठ आवळून बसली. ह्यांनी पुन्हा ओढली. उजवा हात पुढे केला, मग मागे घेतला. पोरं उभी. कोणीतरी मागे खुदकलं. शेवटी खांबाला टेकून दातानं सोडवली. झेंडा उघडला, फुलं पडली, टाळ्या झाल्या. हेडमास्तर भाषणात शौर्य शौर्य म्हणत होते आणि हे सरळ समोर भिंतीकडे बघत होते.

घरी येऊन वर्दी घडी करून पेटीत ठेवली. जेवले नाहीत. म्हणाले, "बोर्डाले जात नाई. कळवून टाकतो. जमादाराले विचारजो, पहाऱ्याचं अजून हाय का म्हनून."

मला हवं होतं तेच. आयतं, न मागता दारात आलं. आणि तो चेहरा बघून मला ते नको झालं.

मामी रडत होती, चुलीतल्या धुराचं निमित्त करून. चूल विझलेली होती.

२७ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी मी बकरी बांधत होते. दाव्याच्या एका टोकाला फासा, दुसऱ्या टोकाला वीतभरापेक्षा लहान लाकडी गुल्ली. गुल्ली उभी करून फाशातून सरकवली, आडवी झाली, बकरी अडकली. गाठ नाही. रोज सकाळ-संध्याकाळ करते, अंधारातसुद्धा. कधी बघावंसं वाटलं नव्हतं.

आत जाऊन मामीनं शिवलेले ते हातमोजे घातले. बकरी सोडली, बांधली. पुन्हा सोडली, बांधली. बकरी वैतागली. मग दोन बोटं आणि तिसरं दुमडून, नुसत्या तळहातानं आणि अंगठ्यानं. झालं.

मी दारात थोडा वेळ थांबले. एवढं मान्य करायला पाहिजे. ही गोष्ट माझ्यापाशीच ठेवली असती तर कोणाला कळलं नसतं.

मग हाक मारली, "अहो, इकडं या जरा. बकरी पाहा."

"काय झालं बकरीले?"

"काही नाई. तुमी बांधा तिले. मोजे घालून."

२ फेब्रुवारी, रविवार

बाभळीच्या गुल्ल्या ह्यांनी स्वतः तासल्या, विळा डाव्या हातात धरून. दोरीला ठरावीक अंतरावर फासे, म्हणजे पाहिजे तिथं ताण देता येतो. दाराच्या तोंडालाही गुल्ली. आणि मी हट्ट धरून माथ्यावरच्या बाहीला पण, दोन्हीकडून उघडेल अशी, आतून आणि बाहेरून. तिथं कोणी पुन्हा दोरी बांधायला नको. बाही आवळायचीच झाली तर बोटं न गमावता सुटली पाहिजे. ह्यांनी ती गुल्ली दोन्हीकडून उघडून पाहिली.

आज जिनात सगळे जमले. बाया, हमाल, गाडीवाले. मी पोत्यावर. बे एके बे. नेहमीच्या चालीनं, ना पुढे ना मागे. जमादार घड्याळाखाली.

मोळ्या पुरल्या. बांबू उभे. झालर दाबली. एकोणतीस आला, तो म्हटला, पूर्ण म्हटला. पावकी. निमकी. खट, खट, गुल्ल्या बसत होत्या. पाऊणकी निम्म्यावर असताना हे रांगत आत गेले, मोजा उतरवून वरच्या बाहीतून हात बाहेर काढला आणि हलवला. अडीच बोटांचा हात.

बायांनी कल्ला केला. जमादार म्हणाला, "बाई, थांबा आता, झालं." मी सवायकी पूर्ण केली. थांबता येईना.

८ फेब्रुवारी, शनिवार

कागद आला, मंगळवारी अकराला हजर राहायचं. परवा सकाळच्या मोटारीनं नागपूर, तिथून कामठी.

एक धास्ती. तिथं दोऱ्या सरकारी असणार. साहेब म्हणाले की ह्याच दोऱ्यांनी बांध, तर? ह्यांनी आपल्या दोऱ्या, गुल्ल्या पिशवीत घेतल्यात. म्हणतात, "दाखवीन. म्हनीन, साहेब, हे पाहा, याच्यानं मोजा काढा लागत नाई. ऐकलं तं ऐकलं."

"आन् नाई ऐकलं तं?"

"तं दातं हायेत."

हसलो दोघं. आता दातांवर हसता येतं.

मी अजून विचारलेलं नाही की डॉक्टर हात बघूनच नको म्हणाले तर. त्यांनीही काढलेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

गेले. मोटार अर्धा तास उशिरा, त्यामुळे नाक्यावर तिघं उगाच उभे. मामीनं भाकरी, तिखट, हातमोजे दिले. म्हणाली, "साहेबाले सांगजो, माह्या मायनं या खेपेले हळद लावली नाई म्हन." हे म्हणाले, "लावली असती तं चाललं असतं वं." मग मामीला तोंड लपवायला पदर पुरेना.

मला एवढंच म्हणाले, "पाढे नको चुकवजो."

मी घरी आले तर तंबू अंगणात उभा. काढायचा राहिला. गारठा आहे म्हणून मामीनं बकरी आत नेऊन बांधली. मी वाकून पाहिलं. बाही उघडी आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून हातून काही धड नाही. भाजीत मीठ दोनदा.

अकराला शाळा भरली. पहिला तास वाचनाचा. पुस्तकं उघडा म्हटलं, मग म्हटलं, ठेवा. पाढे म्हणा, दोनपासून.

पोरं सुटली नेहमीसारखी धावत. दहाच्या पाढ्यापर्यंत तर नुसता गलका. मी पट्टी आपटली. म्हटलं, हळू म्हणा. परत पहिल्यापासून, हळू.

म्हणायला लागली. मी खिडकीपाशी उभी. समोर जिनाचं आवार, मागचा ढीग, तो आता निम्मा राहिलाय. तिकडे साहेबाच्या हातात घड्याळ असणार, ते कोणाचं ऐकत नाही, हे मला कळतं. एकोणतीसला मी स्वतः पोरांबरोबर म्हटलं, आणखी हळू. पुढच्या बाकावरची एक पोरगी थांबून म्हणाली, "बाई, याच्याहून हळू?"

म्हटलं, हो. याच्याहून हळू.

तीस झाला. पावकी. निमकी. पाऊणकी. काही पोरं पेंगायला लागली, हेडमास्तर दारातून डोकावून गेले. सवायकी संपली तसं पोरांनी दिडकीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सवायकी पुन्हा एकदा. ती संपल्यावर, पुन्हा एकदा.

घंटा झाली. दिडकी आज घेतली नाही.